कनेक्टेड कारची ओळख: गाडीच्या संपर्कयंत्रणेतून सुरक्षितता आणि इंधनबचत कशी साधावी

कनेक्टेड कार म्हटले की बहुतेकांना मोठा टचस्क्रीन, मोबाइलवरून आधीच गार करून ठेवता येणारी केबिन आणि गाणी ऐकवणारे ॲप आठवते. अपघात टाळणे आणि इंधन वाचवणे ही कामे मात्र याच गाडीतील, सहसा कोणी दाखवत नाही अशा भागांतून होतात: छतावरील अँटेना, डॅशबोर्डमागे बसवलेले सिमकार्ड आणि काही गाड्यांमध्ये आजूबाजूच्या वाहनांशी थेट बोलणारा छोटा रेडिओ. अशी गाडी नव्याने घेणाऱ्यांसाठी, तसेच घेतलेली असूनही तिच्या या बाजूकडे लक्ष न गेलेल्यांसाठी हा लेख आहे. प्रत्येक सुविधा तपासताना तीन प्रश्न हाताशी ठेवावेत. संदेश कोण पाठवतो? तो कोणापर्यंत आणि किती वेळात पोचतो? आणि तो मिळाल्यावर आपल्या गाडी चालवण्यात नेमका काय बदल होतो? तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर ती सुविधा करमणुकीची आहे असे खुशाल समजावे.

पायरी १: गाडी कोणत्या मार्गांनी बोलते ते ओळखा

गाडीचा बाहेरच्या जगाशी संपर्क साधारणपणे तीन मार्गांनी होतो. पहिला मार्ग गाडीतील सिमकार्डाचा: गाडी मोबाइल टॉवरमार्फत उत्पादकाच्या सर्व्हरशी बोलते आणि वाहतुकीची स्थिती, नकाशे, सॉफ्टवेअर अपडेट, पुढील धोक्याची सूचना हे सारे याच वाटेने येते. दुसरा मार्ग चालकाच्या फोनचा, म्हणजे ब्लूटूथ किंवा केबलने जोडलेल्या फोनवरील नकाशे आणि ॲप्सचा. तिसरा मार्ग थेट रेडिओचा. त्याला व्हीटूएक्स म्हणतात आणि त्यात एक वाहन दुसऱ्या वाहनाशी, सिग्नलच्या खांबाशी किंवा रस्त्याच्या कामावरील ट्रेलरशी मधल्या टॉवरशिवाय बोलते.

या तिसऱ्या मार्गाबद्दल नवख्यांच्या मनात सर्वांत जास्त गोंधळ असतो, म्हणून त्यावर थोडे थांबणे योग्य. असा रेडिओ असलेली गाडी आपले स्थान, वेग, दिशा, ब्रेकची स्थिती आणि स्वतःचा आकार एवढीच माहिती सेकंदाला दहा वेळांपर्यंत प्रसारित करते. मोकळ्या जागी हा संदेश काहीशे मीटरपर्यंत पोचतो आणि पोचायला सेकंदाचा अगदी लहान अंश पुरतो. त्यात मालकाचे नाव किंवा गाडीचा नोंदणी क्रमांक नसतो. संदेश खरा आहे हे पटवण्यासाठी त्यावर डिजिटल सही असते, आणि एकाच वाहनाचा सतत माग काढता येऊ नये म्हणून त्या सहीमागची ओळख थोड्या थोड्या वेळाने बदलली जाते.

अडचण आहे ती भाषेची. अमेरिकेच्या फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने १९९९ मध्ये अशा संपर्कासाठी ५.९ गिगाहर्ट्झच्या आसपासचा ७५ मेगाहर्ट्झचा पट्टा राखून ठेवला. त्यावर चालणारे वायफायच्या घराण्यातील तंत्र २०१० मध्ये प्रमाणित झाले. मोबाइल नेटवर्कच्या घराण्यातील दुसरे तंत्र, सी-व्हीटूएक्स, २०१७ मध्ये आले. ही दोन्ही तंत्रे एकमेकांचे संदेश वाचू शकत नाहीत. २०१९ मध्ये आलेल्या आठव्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फने युरोपात पहिले तंत्र स्वीकारले. अमेरिकेने २०२० मध्ये त्या पट्ट्यातील ४५ मेगाहर्ट्झ वायफायसाठी काढून घेतले आणि उरलेल्या ३० मेगाहर्ट्झसाठी सी-व्हीटूएक्सची निवड केली. जपानमध्ये टोयोटाने २०१५ पासून अशी यंत्रणा दिली, पण ती ७६० मेगाहर्ट्झवर चालते. दोन गाड्यांमध्ये ‘व्हीटूएक्स आहे’ असे लिहिलेले असूनही त्या एकमेकींना ऐकू शकतीलच असे नाही, हे या सर्वांतून लक्षात ठेवायचे.

याशिवाय एक साधे गणित आहे, जे विक्रेते सांगत नाहीत. रस्त्यावरील शंभरांपैकी दहा गाड्यांमध्ये थेट रेडिओ असेल, तर योगायोगाने समोरासमोर आलेल्या दोन्ही गाड्यांमध्ये तो असण्याची शक्यता शंभरांत एकच उरते; निम्म्या गाड्यांत असला तरी ती एकचतुर्थांशच होते. म्हणून आज गाडी घेणाऱ्याला सुरक्षेचा बराचसा प्रत्यक्ष लाभ मोबाइल नेटवर्कमार्फत येणाऱ्या सूचनांतून आणि बोलणाऱ्या सिग्नलांतून मिळेल. वाहन-ते-वाहन रेडिओचा लाभ हळूहळू वाढत जाईल. तो रेडिओ नको, असा याचा अर्थ नाही. केवळ त्याच्यासाठी महागडे मॉडेल निवडू नये, एवढेच माझे मत आहे.

पायरी २: खरेदीपूर्वी विचारायचे प्रश्न

शोरूममध्ये पडदा दाखवतील, परंतु विचारायचे ते वेगळेच. सिमकार्डाची सेवा किती वर्षे विनामूल्य आहे आणि नंतर शुल्क न भरल्यास कोणत्या सुविधा बंद पडतात, हे लेखी घ्यावे. आपत्कालीन कॉल शुल्काशी बांधलेला आहे की स्वतंत्र, हे खास करून विचारावे. संपर्क यंत्र मोबाइलच्या कोणत्या पिढीवर चालते, हा दुसरा महत्त्वाचा प्रश्न. गाडी पंधरा वर्षे चालू शकते, मोबाइलची पिढी तेवढी टिकेलच असे नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये थ्रीजी नेटवर्क बंद झाले, तेव्हा धडधाकट असलेल्या कित्येक गाड्यांच्या संपर्क सुविधा, त्यांत अपघाताची सूचना देणारी सेवाही, कायमची मुकी झाली. जुनी गाडी घेताना तर हा प्रश्न पहिला विचारावा.

सुरक्षा अपडेट किती वर्षे मिळणार, हेही याच वेळी विचारून घ्यावे.

पायरी ३: आपत्कालीन कॉल समजून घ्या

एकच सुविधा नीट शिकायची असेल तर ही शिकावी. युरोपीय संघात ३१ मार्च २०१८ पासून मान्यता घेणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीच्या मॉडेलमध्ये ‘ई-कॉल’ बंधनकारक आहे, आणि इतरत्रही अनेक उत्पादक तशीच सेवा देतात. एअरबॅग उघडण्याइतका जोराचा आघात झाला की गाडी स्वतःहून ११२ या क्रमांकाला फोन लावते, आवाजाचा संपर्क खुला करते आणि सोबत १४० बाइटचा एक छोटा माहितीसंच पाठवते. त्यात घटनेची वेळ, ठिकाण, गाडीची जाण्याची दिशा, वाहनाचा ओळख क्रमांक आणि इंधनाचा प्रकार असतो. प्रवाशांची संख्याही कळवण्याची सोय असते. दिशेचा तपशील क्षुल्लक वाटतो, पण दुभाजक असलेल्या द्रुतगती मार्गावर रुग्णवाहिका चुकीच्या बाजूने आली तर पुढच्या फाट्यापर्यंत जाऊन वळून येण्यात मोलाची मिनिटे जातात. इंधनाचा प्रकार अग्निशमन दलाला आधीच कळला, तर उच्च दाबाची बॅटरी असलेली गाडी कापण्याची तयारी ते वाटेतच करू शकतात. या व्यवस्थेमुळे मदत पोचण्याचा वेळ शहरी भागात सुमारे ४० टक्क्यांनी आणि ग्रामीण भागात सुमारे ५० टक्क्यांनी घटू शकतो, असा युरोपीय आयोगाचा अंदाज आहे.

गाडी ताब्यात घेतल्यावर छताच्या पुढील भागात, बहुधा झाकणाखाली असलेले ‘एसओएस’ बटण शोधून ठेवावे आणि घरातील प्रत्येकाला दाखवावे. ते दाबून पाहण्याचा मोह टाळावा, कारण दुसऱ्या टोकाला खरा माणूस असतो. दुसऱ्याचा अपघात दिसला किंवा गाडीत कोणाला हृदयविकाराचा झटका आला, तर हेच बटण हाताने दाबता येते. कॉल लागल्यावर समोरच्या व्यक्तीने सांगेपर्यंत तो तोडू नये. गाडी सुरू करताना या यंत्रणेचा दोषदर्शक दिवा विझत नसेल, तर ब्रेकच्या दिव्याइतक्याच तातडीने सर्व्हिस सेंटर गाठावे. या व्यवस्थेमुळे आपल्यावर सतत पाळत राहते अशी शंका अनेकांना असते. युरोपातील बंधनकारक ई-कॉलचे सिम मात्र अपघात होईपर्यंत किंवा बटण दाबेपर्यंत सुप्त राहते. पाळतीचा प्रश्न खरा आहे, पण तो इतर सेवांबाबतचा आहे आणि पुढे येईल.

पायरी ४: इशारे वाचण्याचा सराव करा

कॅमेरा आणि रडार यांना समोर दिसते तेवढेच कळते. वळणापलीकडे बंद पडलेला ट्रक, चढाच्या पलीकडची रांग, किंवा समोरच्या उंच बसच्या पुढे कोणीतरी दाबलेला ब्रेक त्यांना दिसत नाही. संदेशाला मात्र नजरेची रेषा लागत नाही. याचा अर्थ आकड्यांत पाहावा. ताशी १०० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे २८ मीटर पुढे जाते. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला, तर ब्रेक लागण्यापूर्वीच सुमारे ४२ मीटर संपलेले असतात. तोच इशारा ३०० मीटर आधी मिळाला तर हाती जवळपास अकरा सेकंद येतात, आणि अकरा सेकंदांत ब्रेकवर उभे राहण्याची गरजच पडत नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २०१४ मध्ये केवळ दोन उपयोगांचा हिशेब मांडला होता: चौकात आडव्या येणाऱ्या वाहनाचा इशारा, आणि समोरून येणाऱ्या वाहतुकीला छेदून वळताना मिळणारा इशारा. या दोहोंमुळे तेथे वर्षाला ५,९२,००० पर्यंत अपघात टळू शकतात आणि १,०८३ पर्यंत जीव वाचू शकतात, असा तो अंदाज होता. ही कमाल मर्यादा आहे, प्रत्यक्षात आलेले फळ नव्हे, हे विसरू नये. वाहन-ते-वाहन संपर्क सक्तीचा करण्याचा तेथील २०१७ चा प्रस्तावही पुढे २०२३ मध्ये मागे घेण्यात आला. आज रस्त्यावर दिसणारी उदाहरणे अधिक साधी आहेत. व्होल्वोने २०१६ मध्ये स्वीडन आणि नॉर्वे येथे सुरू केलेल्या सेवेत एका गाडीने चारही इंडिकेटर लावले की ती बातमी सर्व्हरमार्फत जवळच्या इतर व्होल्वो गाड्यांना जाते. त्यात नवलाईचे काही नाही, पण दाट धुक्यात अशी बातमी फार उपयोगी पडते.

सरावाची रीत अशी. गाडी उभी असताना मॅन्युअल उघडून प्रत्येक इशाऱ्याचे चिन्ह आणि आवाज ओळखून घ्यावा. पुढे अडथळा, घसरडा रस्ता, पुढील गाडीचा जोराचा ब्रेक आणि मागून येणारी रुग्णवाहिका यांचे इशारे चालू ठेवावेत. संदेश, बातम्या, जवळच्या दुकानांच्या सूचना बंद कराव्यात, कारण दहा निरुपयोगी आवाजांनंतर अकरावा ऐकूच येत नाही. धोक्याचा इशारा आला की प्रथम ॲक्सिलरेटरवरून पाय उचलावा, मग आरशात पाहावे आणि त्यानंतर हलका ब्रेक लावावा. इशाऱ्याने दचकून करकचून ब्रेक दाबल्यास मागच्याला ज्या अपघाताची सूचना मिळायला हवी होती, तो अपघात आपणच घडवतो.

आणि इशारा आला नाही म्हणजे रस्ता मोकळा आहे, असे कधीही मानू नये. पादचाऱ्याकडे, सायकलस्वाराकडे, जुन्या गाडीकडे आणि गुराढोरांकडे रेडिओ नसतो. उंच इमारतींच्या दाटीत उपग्रहावरून मिळणारे स्थान काही मीटरने सरकू शकते, त्यामुळे शेजारच्या लेनमधील गाडीबद्दलचा इशारा आपल्यासाठी वाजू शकतो किंवा आपला वाजायचा राहू शकतो. ही यंत्रणा नजरेला जोड देते. तिची जागा घेत नाही.

पायरी ५: इंधन वाचवणाऱ्या सूचनांचा उपयोग करा

सुरक्षितता आणि पर्यावरण हे दोन वेगळे विषय वाटतात, पण गाडीच्या बाबतीत दोन्ही एकाच ठिकाणी मिळतात: अचानक लागणाऱ्या ब्रेकमध्ये. प्रत्येक ब्रेकमध्ये आधी जाळलेल्या इंधनाची गती उष्णता होऊन निघून जाते आणि ती पुन्हा मिळवण्यासाठी पुन्हा इंधन जाळावे लागते. विजेच्या गाड्या यातील काही भाग परत मिळवतात, पण सगळा नाही.

हे ब्रेक अनेकदा कारणाशिवाय लागतात. जपानी संशोधकांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २३० मीटर परिघाच्या वर्तुळावर २२ गाड्या ताशी ३० किलोमीटर वेगाने चालवायला सांगितल्या. ना सिग्नल, ना अडथळा. तरीही थोड्याच वेळात काही गाड्या पूर्ण थांबू लागल्या आणि ती थांबण्याची लाट मागे मागे सरकत राहिली. एकाचा किंचित कमी झालेला वेग मागच्याने थोडा जास्त कमी केला, त्याच्या मागच्याने आणखी जास्त, असे ते घडत गेले. समोरच्या गाडीशी अंतर राखून वेग आपोआप कमीजास्त करणारे साधे ॲडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोलही केवळ लगतच्या गाडीकडे पाहते, त्यामुळे ते ही लाट वाढवू शकते. चार गाड्या पुढच्याचा वेग रेडिओवरून कळला तर लाट येण्यापूर्वीच थोडे सैल होता येते, आणि संपर्कयुक्त क्रूझ कंट्रोल याच तत्त्वावर चालते. तशी सोय नसली तरी नकाशावर पुढे लाल रेषा दिसताच वेग लवकर आणि हळूहळू उतरवणे, आणि पुढे पुरेसे अंतर राखून शक्यतो न थांबता सरकत राहणे, हा त्याचाच मानवी अवतार आहे.

दुसरा उपयोग सिग्नलचा. ऑडीने २०१६ मध्ये लास व्हेगासमध्ये पहिल्यांदा दिलेल्या सेवेत लाल दिवा किती सेकंदांनी हिरवा होणार हे चालकासमोर दिसू लागले. पुढे ‘या वेगाने चाललात तर हिरवा मिळेल’ असा सल्लाही जोडला गेला. हा सल्ला वेगमर्यादेच्या आत असेल तेवढाच पाळावा. सुचवलेला वेग कमी असेल तर तो जरूर घ्यावा, कारण तांबड्या दिव्यापर्यंत धावत जाऊन थांबण्यापेक्षा संथपणे पोचून न थांबता निघून जाणे यातच बचत आहे. हिरवा गाठण्यासाठी वेग वाढवण्याची वेळ आली तर सल्ला सोडून द्यावा. गर्दीनुसार आपली वेळ बदलणाऱ्या सिग्नलवर हे आकडे ऐनवेळी बदलू शकतात, म्हणून शेवटी नजर दिव्यावरच ठेवावी.

नकाशांतील कमी इंधनाच्या मार्गाचा पर्याय गूगलने २०२१ मध्ये अमेरिकेत आणला आणि नंतर तो इतर देशांतही गेला. सेटिंगमध्ये इंजिनाचा प्रकार पेट्रोल, डिझेल, हायब्रिड की विजेचा, हे बरोबर निवडले नसेल तर मात्र हा पर्याय चुकीचा मार्ग दाखवेल, कारण चढ आणि थांबे प्रत्येक प्रकाराला वेगळे महाग पडतात. मार्ग वस्तीतील गल्ल्यांतून किंवा शाळेसमोरून जात असेल तर दोन मिनिटांसाठी तो घेऊ नये. आपला धूर कमी होईल, पण तो तेथील लोकांच्या दारात जाईल.

थोडे विषयांतर. एकमेकांना जोडून, अगदी जवळून धावणाऱ्या ट्रकांच्या ताफ्यांबद्दल एके काळी फार बोलले जाई. २०१६ मध्ये युरोपातील सहा उत्पादकांचे असे ट्रक रॉटरडॅमला पोचले. हवेचा रोध कमी झाल्याने इंधन वाचते हे खरेच आहे. परंतु डायम्लर या जर्मन ट्रक उत्पादकाने २०१९ च्या जानेवारीत हे काम थांबवले: प्रत्यक्ष रस्त्यावर ताफा वारंवार तुटतो आणि पुन्हा जुळण्यासाठी ट्रकांना वेग वाढवावा लागतो, त्यात बचत संपते, असे त्यांना चाचण्यांत आढळले. संपर्क उत्तम असूनही बचत होईलच असे नसते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

पायरी ६: विजेची गाडी असल्यास चार्जिंगची वेळ ठरवा

गाडी सोडायची वेळ आणि हवी तेवढी बॅटरी ॲपमध्ये भरली, तर चार्जर मधले तास स्वतः निवडू शकतो: जेथे सौर वीज जास्त तेथे दुपारचे, जेथे वारा जास्त तेथे बहुधा रात्रीचे. दुपारी की रात्री हे आपल्या वीजपुरवठादाराच्या दरपत्रकावरून कळते. केबिन गरम किंवा गार करायची असेल तर प्लग काढण्यापूर्वीच करावी. गाडीतून ग्रिडला, म्हणजे वीजपुरवठ्याच्या जाळ्याला, वीज परत देण्याचे तांत्रिक मानकही २०२२ मध्ये आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने प्रसिद्ध केले आहे, पण त्यासाठी गाडी, चार्जर आणि पुरवठादार तिघांचीही तयारी लागते. तोवर वेळापत्रक लावणे पुरेसे.

पायरी ७: अपडेट आणि सुरक्षा सांभाळा

२०१५ मध्ये चार्ली मिलर आणि क्रिस व्हॅलासेक या दोन संशोधकांनी धावत्या जीप चेरोकीचा ताबा इंटरनेटवरून दूरून घेऊन दाखवला, आणि फियाट क्रायस्लरला सुमारे १४ लाख गाड्या सुधारणेसाठी परत बोलवाव्या लागल्या. त्यानंतर नियम कडक झाले: संयुक्त राष्ट्रांचे नियम क्रमांक १५५ आणि १५६ उत्पादकांकडून सायबर सुरक्षेची आणि सॉफ्टवेअर अपडेटची रीतसर व्यवस्था मागतात, आणि युरोपीय संघात जुलै २०२४ पासून ते सर्व नव्या मोटारींना लागू आहेत.

मालकाचे काम त्या मानाने सोपे आहे. अपडेटची सूचना आली की ती आठवडेच्या आठवडे पुढे ढकलू नये; गाडी सुरक्षित जागी उभी करून, बॅटरी पुरेशी असताना ती बसवावी, कारण मध्यंतरी गाडी चालवता येत नाही. बसल्यावर काय बदलले ते वाचावे, ब्रेक किंवा इशाऱ्यांची सेटिंग मूळ स्थितीला गेली असल्यास पुन्हा लावावी. स्टिअरिंगखालच्या, गाडीतील दोष तपासण्यासाठी असलेल्या पोर्टमध्ये लावलेली स्वस्त उपकरणे काम झाल्यावर काढून ठेवावीत. ॲपच्या खात्याला वेगळा पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी असावी. दार उघडण्याची चावी आता त्या खात्यातही आहे.

पायरी ८: माहितीचा ताबा आपल्याकडे ठेवा

फायरफॉक्स ब्राउझरमागील मोझिला फाउंडेशन या संस्थेने २०२३ मध्ये २५ वाहन ब्रँडची गोपनीयता धोरणे तपासली, तेव्हा त्यांच्या कसोटीला एकही उतरला नाही. म्हणून पहिल्याच दिवशी सेटिंगमधील माहिती देवाणघेवाणीचे पान उघडावे. रस्ता घसरडा असल्याची किंवा अडथळ्याची निनावी माहिती पाठवणे चालू ठेवावे. त्याच माहितीवर इतरांचे इशारे चालतात आणि आपल्याला मिळणारेही. जाहिरातींसाठी, विम्यासाठी किंवा ‘भागीदारां’साठी चालवण्याच्या सवयी देणे मात्र वाचून, समजून आणि स्वतंत्रपणे ठरवावे. सर्व काही एकाच बटणाला बांधलेले असेल, तर उत्पादकाकडे लेखी विचारणा करावी.

गाडी विकताना केवळ चावी देऊन भागत नाही. ॲपमधून गाडी खात्यातून काढावी, जोडलेले फोन, घरचा पत्ता आणि साठवलेले मार्ग पुसावेत, गाडीतील यंत्रणा फॅक्टरी रिसेट करावी आणि सेवेचे शुल्क थांबवावे. जुनी गाडी घेणाऱ्याने हाच क्रम उलट बाजूने तपासावा: आधीच्या मालकाच्या फोनवर गाडीचे ठिकाण अजून दिसत नाही ना, हे व्यवहार पूर्ण होण्यापूर्वी त्याच्यासमोरच पाहून घ्यावे, आणि आपत्कालीन कॉलचा दिवा गाडी सुरू केल्यावर नीट विझतो याचीही त्याच वेळी खात्री करावी.